हुणसूरची दहा मिनिटं

वर्तमानपत्राच्या डेस्कवरून मी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रात आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं की इथे बातमी द्यायची नाही. परवान्याची तशी अट होती. द्यायची ती सूचना: पाणी कुठे येणार नाही, परीक्षा कुठल्या इमारतीत आहे, बस कुठून सुटेल. रस्ता बंद आहे, ही सूचना. तो कुणी बंद पाडला, ही बातमी. ही रेघ मला पटली. डेस्कवर कित्येक जण ती न ओळखताच निवृत्त झाले होते.

केंद्र म्हैसूरच्या कडेला, हिनकलच्या बाजूला, हुणसूर रस्त्यावर होतं. बसच्या आवाजामुळे स्टुडिओची खिडकी कायम बंद असे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की हुणसूरच्या कॉलेजात आमचं एक उपकेंद्र होतं. इतर तालुक्यांतही होती. ही उपकेंद्रं दिवसभर म्हैसूरचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे पाठवत. संध्याकाळी दहा मिनिटं मात्र त्यांची स्वतःची असत. तेवढा वेळ म्हैसूरातून आम्ही नुसती वीणा लावत असू, म्हणजे कुणाचं बोलणं मध्येच तुटू नये.

हे देणंघेणं फोनवर चाले. उपकेंद्राने ‘द्या’ म्हणायचं, म्हैसूरच्या ड्यूटीवरच्या माणसाने ‘दिलं’ म्हणायचं, मग तिकडे बटण दाबून आमच्याऐवजी आपला आवाज सोडायचा. परत करताना तिकडून ‘घ्या’, इकडून ‘घेतलं’. बटण त्यांच्याच हाताखाली होतं. न विचारता दाबलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं, कारण आमच्या स्पीकरवर म्हैसूरचाच कार्यक्रम चालू राही. तरी कुणी दाबत नसे.

हुणसूरची दहा मिनिटं एक तरुण निवेदिका सांभाळत असे. नेमणूक कंत्राटी. तिचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेतले, आमचं घर म्हैसूरच्या अग्रहार भागातलं, शिंप्यांचं. दोघांची घरची भाषा मराठी, आणि दोघांचीही कन्नडमध्ये मुरलेली. रेडिओवर ती स्वच्छ कन्नड बोले. फोनवर मला अण्णा म्हणे, ‘आणखी’ला कन्नड ‘मत्ते’ म्हणे, आणि ‘हो ना?’च्या जागी ‘अल्वा?’ लावी.

त्या वर्षी विद्यापीठाने एक समिती नेमली. उपकेंद्रांची दहा मिनिटं कुणी ऐकतं का, हे पाहायचं होतं. ऐकत नसेल तर ती बंद, म्हणजे हुणसूरची नेमणूकही बंद. अध्यक्ष होते इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. जुन्या तलावांवरची त्यांची व्याख्यानमाला रोज त्या दहा मिनिटांनंतर लागत असे.

“ऐकतात हे दाखवायचं कसं, अण्णा?” तिने विचारलं होतं. “रेडिओ ऐकणारा टाळ्या वाजवतो काय?”

“पत्रं मागव.”

“तंबाखूवाला भट्टी सोडून पत्र लिहील?”

“मग फोन करायला सांग.”

“फोन भांडायलाच करतात लोक. चांगलं वाटलं म्हणून कोण करतं, अल्वा?”

समिती केंद्र पाहायला आली ती संध्याकाळची. हुणसूरचा आवाज त्या दिवशी मुद्दाम वेगळ्या लाइनवर घेऊन त्यांना ऐकवला. एका बसची बदललेली जागा, वाचनालयाची सुट्टी, लसीकरणाचा दिवस. एका सदस्यांनी जांभई दिली. ‘घ्या’, ‘घेतलं’ झालं, ती लाइन बंद केली, आणि व्याख्यान सुरू झालं. प्राध्यापक माझ्यामागे खुर्चीत डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकत होते. फोन पुन्हा वाजला.

“अण्णा, द्या.”

“आत्ताच घेतलं ना?”

“उद्याचा तंबाखूचा लिलाव बंद. लिलावाच्या प्लॅटफॉर्मच्या गेटावर पाटी लावलीय. मत्ते इकडे लोक उद्यासाठी गाड्या भरायला लागलेत.”

“पाटी कुणी पाहिली?”

“आमच्या कॉलेजच्या क्लार्कनं. मग मी तिथल्या अधिकाऱ्यांना फोन केला. तेही होय म्हणाले.”

“कारण?”

“सांगितलं त्यांनी.”

“ते रेडिओवर नको.”

“तेवढं कळतं मला. पण व्याख्यान चाललंय की. प्राध्यापक सार तिथेच बसलेत, अल्वा?”

“माझ्या मागे.”

“मग?”

व्याख्यान तलावाच्या मोरीपर्यंत, पाणी सोडायच्या दारापर्यंत, आलं होतं. वाक्य पुरं होईपर्यंत थांबता आलं असतं, पण प्राध्यापकांची वाक्यं लांब असत. मी ‘दिलं’ म्हटलं.

म्हैसूरात काहीच झालं नाही. स्पीकरवर मोरीचं वर्णन चालू राहिलं. समितीने कॉफी घेतली. निघताना जांभई देणारे सदस्य म्हणाले, “हुणसूरला विशेष काही नव्हतं.” मी सांगितलं की नंतर एक सूचना गेली आहे, आणि ती व्याख्यान तोडून गेली आहे. ते सगळे जिना उतरत होते. कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. केंद्राच्या वतीने मी हजर होतो. प्राध्यापक आले ते रागातच.

“माझी थोरली बहीण हुणसूरला असते,” ते म्हणाले. “तिचा फोन आला. माझं व्याख्यान ऐन मोरीपाशी तोडलं आणि एक मुलगी लिलाव बंद असल्याचं सांगू लागली. परवानगी कुणी दिली?”

“मी.”

“का?”

“लोक गाड्या भरत होते.”

“ते मला कळलं. तिच्या दारातही ट्रॅक्टर भरत होता.”

समितीत अर्थशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “म्हणजे त्यांचा रेडिओ चालू होता?”

“रोज असतो. माझं व्याख्यान ऐकते ती.”

“आणि त्याच्या आधीची दहा मिनिटं?”

“आधीपासूनच लावून ठेवते,” प्राध्यापक म्हणाले.

“ट्रॅक्टरचं काय झालं?”

“रिकामा केला. तिने नवऱ्याला हाक मारून थांबवलं. शेजारच्यांनाही.”

“मग, सर, ही तक्रार समजायची की—”

“तक्रारच,” ते म्हणाले. “तक्रार म्हणूनच लिहून घ्या.”

तशीच लिहून घेतली. बैठकीपुढे आलेला श्रोत्याचा तेवढा एकच पुरावा होता, आणि तो अध्यक्षांनी स्वतः आणला होता. हुणसूरची दहा मिनिटं चालू ठेवावीत, हा ठरावही त्यांनीच मांडला. त्यांची एक अट होती: तुटलेलं व्याख्यान हुणसूरला पुन्हा लावायचं, मोरीपासून नव्हे, पहिल्यापासून.

संध्याकाळी ड्यूटीवर बसल्यावर मी फोन केला.

“राहिलं,” मी म्हटलं.

“कोण ऐकतं म्हणाले?” तिने विचारलं.

“सारांची बहीण. भांडायला फोन केला होता.”

“बघा. मी काय सांगत होते?”

“एक अट आहे. कालचं व्याख्यान आज पुन्हा लावायचं. पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून? अय्यो अण्णा, त्यात मोरी यायलाच किती वेळ लागतो.”

“लावायचं.”

“लावते की. द्या.”

“दिलं.”