उकिरड्यावरून उचललेलं नाव

माझ्या वडिलांचं नाव उकर्डा. शेण, केरकचरा टाकतात तो उकिरडा, नाव त्यावरूनच. मास्तरकी संपेपर्यंत मी मधल्या नावाचं एक अक्षरच लिहीत आलो, त्यामुळे धाकट्या भावाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

वडील गेल्या वर्षी गेले. भावाचे अमरावतीत, राजापेठेत, शिकवणी वर्ग आहेत. नव्या सभागृहाला त्यानं वडिलांचं नाव द्यायचं ठरवलं आणि मला अकोल्याला फोन केला.

"दादा, तू एवढं वाचत राहतोस. बाबांच्या नावाचा एखादा बरा अर्थ काढ न. मोठे पाहुणे येऊन राहिले. त्यायले काय सांगू, कचऱ्याचं सभागृह?"

अर्थ पुस्तकात नव्हताच. तो चांदूर बाजारला होता, नव्वदी ओलांडलेल्या आत्याकडे. अकोल्यातल्या जठारपेठेतून निघालो, दोन बस बदलल्या, आणि या वयात आपण हे का करतोय असं वाटेतच चारदा मनात आलं.

आत्या लसूण सोलत बसली होती. मी सभागृहाचं आणि नावाचं सांगितलं.

"तुह्या बापाच्या आंधी तीन भाऊ झाले," ती म्हणाली. "तिघायची नावं लय सुंदर व्हती. एकबी वर्षाचा झाला नाही."

म्हणून चौथ्याला पाचव्या दिवशी सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. त्याची आई मागे न बघता घरी गेली. तुराट्यांच्या कुंपणाआड आठ वर्षांची आत्या बसली होती. ठरल्याप्रमाणे तिनं सूप उचललं आणि दारात जाऊन ओरडली, कोणाचं लेकरू सापडलं, घेता काय? आईबापांनीच टाकलेल्या पोरावर काळाची नजर कशाला जाईल, असा बेत.

"म्हणजे नाटकच," मी म्हणालो.

"नाटकच व्हतं. पन मी खरी रडली. मले वाटलं, मायनं घेतलंच नाही तं?" तिनं लसणाची पुढची पाकळी उचलली. "तवापासून तो माहा हाये. त्याचं नाव बदलू नोका बाबू."

"आत्या, बाबा गेले. आता कोण नेणार त्यांना?"

"मंग? चौऱ्यांशी वर्सं टिकला न त्या नावानं! तुमची सुंदर नावं पाहू किती टिकतात."

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो "हो हो" म्हणाला. पाटी तोवर कोरून झाली होती.

समारंभाला आत्या पहिल्या रांगेत माझ्याशेजारी. तिला वाचता येत नाही. पडदा सरला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत 'उत्कर्षराव सभागृह'. भावानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"काय लिवलं बाबू?"

आयुष्यभर मी पोरांना जे लिहिलंय तेच वाचा म्हणून छड्या दिल्या.

"उकर्डा," मी वाचलं.

"पुरं?"

"पूर्ण."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग प्रमुख पाहुण्यांनी माईक धरला आणि या दुर्मीळ नावाचं संस्कृत मूळ, त्यातून दिसणारी आजोबांची दूरदृष्टी, घराण्याचे संस्कार, असं बरंच उलगडलं. पंखा नुसता आवाज करत होता. माझी पाठ भरून आली. अर्ध्या तासानं आत्यानं मला कोपरानं ढोसलं.

"कोनाबद्दल बोलून राह्यला हा?"

"असेल कोणी मोठा माणूस," मी म्हणालो.