शेवटच्या पानावरची मालनबाई

भारतभाऊ दोन महिन्यांनी वाचनालयात आले, ते एक पुस्तक आणि कोरी शंभर पानी वही घेऊन. मी मान वर न करताच सुरू झाले, "भाऊ, पुस्तक किती दिवस झाले घरी हाय, ठावं हाय का?" माझी सवयच तशी. फटकळ तोंडाची ग्रंथपाल विजयमाला म्हणून दिंद्रुडच्या आसपास सगळे मला ओळखतात, आणि त्यात काही खोटं नाही.

"मालन गेली, ताई," ते म्हणाले. "आखाडात. तिची मतं वहीत उतरून घ्यायचीत. मागल्या पानावरली."

"तिची? ती तर तुम्ही लिहीत होतात."

"लिवायचो मी. बोलायची ती."

तेव्हा कुठं मी मान वर केली. ती मतं मी माझ्या हातानं खोडून टाकली होती. एकूण एक.

भाऊ सातवी शिकलेले, त्यांच्या बायकोला, मालनबाईला, अक्षर येत नव्हतं. दोघांचा उभा जन्म ऊसतोडीत गेला. तिची कंबर गेली तेव्हा दोघं वस्तीवर घरी बसली. तेव्हापासून सात वर्षं भाऊ दर बाजाराच्या दिवशी चार किलोमीटर चालत यायचे, एक पुस्तक न्यायचे. परत आणलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहिलेलं. खाली नाव नाही.

आणि मतं तरी कशी! एका पुढाऱ्याच्या जाडजूड आत्मचरित्रावर लिहिलं होतं, 'ह्या मानसाला बायको हाय का न्हाई? तीनशे पानांत येकदा बी कुणी जेवाय वाढलं न्हाई.' रहस्यकथेवर, 'खून माळ्यानं केला. दुसऱ्याच दिशी कळलं. उगं लांबण लावली.' पाककृतीचं पुस्तक नेलं तर त्यावर, 'वाटीभर तूप घातल्यावर कुनाचं बी ग्वाड लागतंय. बिनतुपाचं करून दाव म्हणावं.' परदेशच्या प्रवासवर्णनावर मात्र दोनच ओळी होत्या. 'आमी बी लई मुलूख फिरलो. आमाला कुनी इचारलं न्हाई कसा हाय म्हणून.' त्या मी दोनदा वाचल्या होत्या. एका कवयित्रीच्या पुस्तकावर लिहिलं होतं, 'चांगलं हाय. पर निम्मं पान रिकामं कावून सोडलं? बाईला आजून बोलायचं व्हतं वाटतं.'

मी भाऊंना किती बोलले असेन! "पुस्तक म्हणजे काय घरची पाटी वाटली का तुम्हाला?" ते खांद्यावरचा रुमाल सारखा करायचे, हसायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा लिहून आणायचे. पण खरं सांगते, ते गेले रे गेले की आधी शेवटचं पान मीच उघडायची. एकटीच खो खो हसायची. कॉलेजात जाणारी आरोही तर मागचं मत वाचूनच पुस्तक निवडायची.

मग आखाडात सरकारी तपासणीचं पत्र आलं. आमचं वाचनालय 'ड' वर्गात, ते वरच्या 'क' वर्गात जाणार म्हणून माझ्या अंगात आलं. पुस्तकं स्वच्छ दिसली पाहिजेत. तीन दिवस खोडरबर घेऊन बसले. तीनशेच्या वर पुस्तकं. पान फाटू नये म्हणून हळूहळू घासलं, पदरानं चुरा झटकला. आरोही म्हणाली, "मावशी, राहू द्या की." मी तिच्यावरच खेकसले. तपासणीचे साहेब आले, रजिस्टरं चाळली, चहा घेतला आणि गेले. कपाटाला हातसुद्धा लावला नाही. वर्गही बदलला नाही.

हे सगळं मी भाऊंना सांगितलं. लपवून कुठं जाणार होते? ते उठले, कपाटातून पाककृतीचं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून त्यावरनं हात फिरवला.

"लई साफ केलंत, ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही कधी?"

"तीच नगं म्हणायची. अंगठा लावणारी बाई पुस्तकाला नावं ठेवती म्हणून लोक हासतेल म्हणायची. म्हणून तुमची बोलणी मीच खाल्ली." मग म्हणाले, "तिचा फोटू बी धड न्हाई. पुण्यानुमोदनाच्या कार्याला आधार कार्डावरला मोठा करून आनला. आवाज कुटं भरून ठेवलेला न्हाई. मनलं, वाचनालयात हाय की ती."

मला राहवेना. "वही उघडा," मी म्हणाले. "मला येतात तोंडपाठ. मी सांगते." आणि मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पुढारी, माळी, तूप, मुलूख. लिहिताना भाऊ एकदा हसलेसुद्धा. अकरा मतं झाली. बारावं सांगितलं तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली.

"न्हाई. ती आसं न्हाई म्हणली."

"मग कसं म्हणल्या?"

त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली. "आठवंना, ताई."

मग मलाही पुढचं एकही आठवेना. पन्नाशीची बाई मी, भर दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडले. उलट त्यांनीच उठून माठातलं पाणी आणून दिलं मला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आणलेलं पुस्तक पुढं सरकवलं. एका खलाशाची गोष्ट होती. बोट बुडते आणि तो घराकडं निघतो. "हे तिला निम्मंच आयकाया मिळालं," भाऊ म्हणाले. "रोज इचारायची, पोचला का वं त्यो घरी? मी म्हणायचो, उद्या वाचू. परवा फोटूम्होरं बसून पुरं केलं. पोचला त्यो."

मी ते पुस्तक उघडलं. शेवटचं पान कोरंच होतं. माझी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "लिहा, भाऊ. आता मी काही म्हणणार नाही."

त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. मग ती माझ्यापुढं ठेवली, वही पिशवीत घातली आणि उठले.

"मला कसलं मत, ताई," ते म्हणाले. "मी निस्ता वाचीत व्हतो."