उतारावरचे मामेसासरे

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवणं माझं कर्तव्य आहे की, रत्नागिरीत सपाट जमीन नावाची वस्तूच नाही असं मानून सुखाने जगणारा एक गृहस्थ या शहरात आहे आणि तो माझा जवळचा नातेवाईक आहे. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. याचं मूळ त्यांच्या गाडीत आहे. किल्ली फिरवली की ही गाडी ‘टक्’ असा एकच आवाज करते आणि रुसलेल्या सुनेसारखी गप्प बसते. उतारावर सोडून, दुसरा गिअर टाकून झटक्यात क्लच सोडला, की मात्र दोन उड्या मारून सुरू होते. साहजिकच मामांचं सगळं आयुष्य हळूहळू उतारावर आलं.

त्यांचे मित्र उतारावर राहतात. सपाटीवरच्यांशी त्यांची फक्त फोनवर मैत्री आहे. गावात एकाहून एक नामांकित डॉक्टर आहेत, पण मामा ताप आला तरी दातांच्या डॉक्टरांकडे जातात, कारण त्यांच्या दवाखान्यासमोर झकास उतार आहे. ते डॉक्टरही आता सवयीने आधी दाढा तपासतात आणि मग तापाची गोळी देतात. मुलीला सांगून आलेलं एक उत्तम स्थळ मामांनी ‘मुलगा सोन्यासारखा, पण घर खळग्यात’ एवढ्याच कारणावरून नाकारलं. पालीला एका लग्नाला गेलो, तेव्हा त्यांनी गाडी इतक्या लांबच्या उतारावर लावली की तिथून हॉलपर्यंत आम्हाला रिक्षा करावी लागली. लोक आमच्याकडे येताना नारळ आणतात, फुलं आणतात. मामा चाकाखाली लावायला डिकीतून जांभ्या दगडाचा अख्खा चिरा आणतात आणि जाताना तो आठवणीने परत नेतात.

गॅरेजवाला दर खेपेला हात जोडतो, “काका, आता स्टार्टर बदलूया.” मामा त्याच्याकडे दयेने बघतात. “अरे, टक् करते म्हणजे जीव आहे तिच्यात. मुकी होईल तेव्हा ये सांगायला.”

गंमत म्हणजे, दुसऱ्यांच्या न सुरू होणाऱ्या गाड्यांवर मामांइतका अधिकाराने बोलणारा माणूस जिल्ह्यात नसेल. “टकटकटकटक केलंन, तर बॅटरी उतरली. एकच टक् केलंन आणि दिवे लख्ख असले, तर दुखणं स्टार्टरात, नाहीतर बॅटरीच्या टोकांवर. इथली हवा खारी, टोकांवर बुरा धरतोच!” असं म्हणून एकदा त्यांनी मामींनी चहाला ठेवलेलं आधण उचलून नेलं आणि शेजाऱ्याच्या बॅटरीच्या टोकांवर ओतलं. गाडी सुरू झाली. चहा राहिला तो राहिलाच.

मामींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांचं मागणं एकच होतं. भाट्याच्या किनाऱ्यावर एकदा निवांत बसायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार चालवत नाही, आणि रिक्षाचं नाव काढलं की मामांना तो गाडीचा अपमान वाटतो. मामा न्यायचे नाहीत असं नाही. पण भाट्ये पडलं पाटासारखं सपाट! सुरूच्या झाडांखाली गाडी थांबवून, इंजिन घरघरत ठेवून ते विचारत, “बघितलास समुद्र? झालं? चल आता.” त्या घरघरीत मामींचा समुद्र दोन मिनिटांत आटपे.

गेल्या महिन्यात मी आणि बायकोही मागच्या सीटवर होतो. सूर्य खाली आला होता. मामी म्हणाल्या, “अहो, आज तरी जरा टेकूया की.” मामा नेहमीचं उत्तर देणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पालीचा भाचा. त्याची गाडी सुरू होत नव्हती. मामांचे डोळे चमकले. “फोन बॉनेटजवळ धर आणि किल्ली मार. काय? परत मार. छे, इथे घरघरीत काही ऐकू येत नाही!” असं म्हणून त्या निष्णात पुरुषाने तिकडचं टक् नीट ऐकू यावं म्हणून स्वतःच्या गाडीचं इंजिन बंद केलं.

“टकटकटक! बॅटरी रे, बॅटरी! शेजाऱ्याच्या बॅटरीवरून वायर लाव!” भाच्याची गाडी सुरू झाली. मामांनी विजयी मुद्रेने फोन ठेवला, किल्ली फिरवली, आणि गाडी म्हणाली, टक्.

पुढची पंधरा मिनिटं काय वर्णावीत! दिवे लावून बघितले: लख्ख. बॅटरीची टोकं हलवून बघितली: घट्ट. मला किल्लीवर बसवून मामांनी बॉनेटमध्ये अर्धं अंग घातलं आणि स्टार्टरवर पान्याने हलके ठोके मारले. “मार! थांब! मार!” टक्. टक्. टक्. शहाळेवाला कोयता ठेवून आला. “काका, ढकलूया काय?”

“ढकलायची घाई नको. आधी निदान!”

“निदान होईपर्यंत भरती येईल हो काका,” शहाळेवाला म्हणाला. तोवर क्रिकेट खेळणारी पोरंही बॅट टाकून जमली होती. शेवटी मामांनी लोकमतापुढे मान तुकवली आणि ते स्टिअरिंगवर बसले. मी आधीच खाली आलो होतो, वजन कमी व्हावं म्हणून बायकोही उतरली. मामी मात्र हलल्या नाहीत. त्यांनी काच पूर्ण खाली घेतली होती, चपला काढून ठेवल्या होत्या आणि डोळे मिटले होते. मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्या.

आम्ही सगळ्यांनी डिकीला हात लावले. मामांनी दुसरा गिअर टाकला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि सेनापतीच्या थाटात ओरडले, “हां, लावा जोर!” आणि आम्ही जोर लावणार, इतक्यात, जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेल्या मामी पुढच्या सीटवरून केवढ्यांदा तरी ओरडल्या, “अहो, राहू दे हो ती बंद! लाटा ऐकतेय मी!”