हात दाखवल्यावर थांबणारी गाडी

लंडनमध्ये एजवेअरला बससाठी हात वर केला की मला अजूनही ग्लासगोजवळचं ते छोटं स्टेशन आठवतं. एकच प्लॅटफॉर्म, काचेचा आडोसा, आणि कुंपणाशी वाढलेल्या झुडपांचा ओला, कडवट वास. तिथे गाडी आपणहून थांबत नसे. ड्रायव्हरला दिसेल असा हात दाखवावा लागे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझ्याकडे तीन महिने राहून आई पुण्याला परत निघाली होती, आणि मी तिला एअरपोर्टवर सोडायला जात होते. घरातून निघताना तिच्या हातावर दही घालायचं राहिलं, म्हणून दह्याची डबी मी पर्समध्ये टाकली होती. प्लॅटफॉर्मवर तिच्या तळहातावर चमचाभर दही घातलं आणि नमस्काराला वाकले. उठेपर्यंत गाडी समोरून निघून गेली होती.

"गेली की गं," दही चाटत आई म्हणाली.

"आता पुढची तासाने आहे आई! फ्लाइट चुकेल!"

ती बाकावर बसली. पदराने शेजारची ओली जागा पुसली. "बस जरा. सकाळपासून उभीच आहेस."

मी बसले नाही. पुढे जाऊन रुळांकडे बघत राहिले आणि बऱ्याच आधीपासून हात वर करून उभी राहिले.

"हात खाली कर गं. अजून गाडीचा पत्ता नाही."

फ्लाइट मिळाली. आई पुन्हा इकडे आली नाही. बाकावरची ती पुसलेली जागा मात्र त्या दिवशी गाडी येईपर्यंत रिकामीच होती.