न मळलेले बूट

मुलींच्या फुटबॉलमधलं फक्कीकाकांना काय कळत होतं, तर काहीच नाही. त्यांना कळत होती जमीन. शाळेच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. गवत कापायचं, दगड वेचायचे, आणि सामन्याच्या दिवशी सकाळी पांढऱ्या फक्कीने रेषा मारायच्या. म्हणून सगळी शाळा त्यांना फक्कीकाका म्हणायची, आणि त्यांची पोरगी ती फक्कीकाकांची भिंगरी. मैदान मात्र वाईट होतं. वाईट म्हणजे किती, तर डाव्या कोपऱ्यात जमीन खचलेली, तिथली माती काळी आणि चिकट, चेंडू तिथे टप्पा खाऊन कुठे उडेल याचा काही नेम नाही. काकांनी तिथे घमेली भरभरून मुरूम टाकला, रोलर फिरवून कंबर मोडून घेतली, पण कोपरा काही वर आला नाही. कुणी पाहुणा मैदान बघायला आला की काका त्याला उजव्या बाजूनेच फिरवून आणायचे.

भिंगरी वाढली ती याच मैदानावर. बाप काम करत असला की ती त्या कोपऱ्यात चेंडू बडवत असायची. शाळेच्या संघात आली, आणि डाव्या बाजूने तिला अडवणारी कुणी उरली नाही. चेंडू तिरका उडो की पायाशी मरून पडो, ही आधीच तिथे हजर. आणि गोल झाला की मैत्रिणी तिला उचलून घेऊन कोपऱ्यातल्या चिखलात लोळायच्या.

हे सगळं छान चाललेलं, पण छान चाललेलं माणसाला बघवतं कुठे? एका मोठ्या क्लबचा कोच सामना बघायला आला आणि भिंगरीला क्लबसाठी मागून गेला. फी माफ, कपडे क्लबचे, अट एकच. क्लबची मुलगी शाळेकडून खेळणार नाही.

शाळेच्या खेळाच्या बाई काकांच्या सामानाच्या खोलीत येऊन बसल्या. "काका, इथे ती खेळतेय," त्या म्हणाल्या. "तिथे तिच्यासारख्या खंडीभर आहेत. घाई करू नका, जाऊन नीट चौकशी करा."

काका गेले की चौकशीला. बाकीचे बाप गेले असते तर विचारलं असतं, संघात मुली किती, मैदानात उतरतात किती, नव्या पोरीला खेळवतात कधी. काकांनी काय केलं? ते उकिडवे बसले आणि क्लबच्या हिरवळीवर तळहात दाबून बघितला. मग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. पलीकडे मुलींचा सामना चालला होता आणि कडेच्या बाकावर पोरी ओळीने बसून होत्या. तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. घरी आले ते हवेतच.

"असलं मैदान मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. "ठरलं."

त्यांची बायको लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. ती म्हणाली, "लोक घर बघून पोरगी देतात, तुम्ही मैदान बघून दिलीत." काका खो खो हसले.

"आणि माझ्या मैत्रिणी?" भिंगरीने विचारलं.

"मैत्रिणी कुठे पळून जातात?" काका म्हणाले. खरंच होतं ते. मैत्रिणी कुठेच गेल्या नाहीत, हीच गेली.

क्लबचे सामने शनिवारी, आणि शाळेचेही शनिवारी. त्यामुळे काका हातात फक्कीचं डबडं घेऊन शाळेत आणि पोरगी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला खेळताना बघणं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण बूट धुणं त्यांच्याकडे होतं, अगदी ती लहान असल्यापासून. संध्याकाळी ते अंगणातल्या नळाखाली बूट उलटे करायचे आणि बघतच राहायचे. तळाला चिखलाचा कण नाही.

"बघा, मैदान याला म्हणतात," सोमवारी ते शाळेच्या शिपायाला सांगायचे, कारकुनाला सांगायचे, खुद्द खेळाच्या बाईंनाही सांगायचे. "पूर्ण सामना खेळून येते पोरगी, पण बूट बघा, जसेच्या तसे." बाई ऐकून घ्यायच्या आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत निघून जायच्या. आता तुम्हाला आम्हाला जे तेव्हाच कळलं असतं, ते या माणसाला कळेना. जमिनीतला जाणकार ना तो, त्याला बुटातही जमीनच दिसायची.

शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या एका शनिवारी बूट मळून आले. काकांच्या काळजात चर्र झालं. त्यांना वाटलं, क्लबचं मैदान बिघडलं. त्यांनी नखाने मातीचा एक गोळा काढला, बोटांत चोळला, आणि नळ तसाच वाहता ठेवून ते घरात आले.

"ही आपल्या कोपऱ्यातली माती आहे," ते म्हणाले. "आज क्लबचा सामना नव्हता?"

"होता," भिंगरी म्हणाली. "तो संपल्यावर शाळेत गेले. तिथले सगळे घरी गेले होते. एकटीच खेळले."

"का पण?"

"तिथे मला खेळवत नाहीत, बाबा. पहिल्यापासून बाकावर आहे. सरावाला घेतात, बाकीच्यांना चकवायला कुणीतरी हवं म्हणून." मग जरा थांबून ती म्हणाली, "तिथे चेंडू सरळच येतो. सरळ आलेल्या चेंडूवर त्या सगळ्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती ताटं पुसत होती.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं," ती म्हणाली. "शनिवारच्या जर्सीला घामाचा वास नसायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"हिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबा शाळाभर सांगत फिरतो, त्याचं तोंड पडेल."

काका बाहेर जाऊन वाहता नळ बंद करून आले. म्हणजे आपली हौस सांभाळायला घरातली दोन माणसं तोंड दाबून बसली होती, आणि आपण नळाखाली बूट उलटे करून मिरवत होतो. त्यांना स्वतःची शिसारी आली.

सोमवारी ते बाईंकडे गेले आणि तिला परत घ्या म्हणाले.

"स्पर्धेसाठी संघाची नावं कधीच गेली, काका," बाई म्हणाल्या. "आता मधे कुणाला घेता येत नाही." मी सांगितलं होतं, असं त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षी शाळेच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या, आणि सामना ठेवला तो काकांच्याच मैदानावर. काकांनी रेषा मारल्या. भिंगरी दोरीबाहेर त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. शाळा एका गोलने मागे होती. शेवटी शेवटी डाव्या कोपऱ्यात लांब पास आला. भिंगरीच्या जागेवर खेळणारी मुलगी जीव खाऊन सरळ धावली. चेंडू खळग्यात टप्पा खाऊन तिच्या पायाबाहेरून निघून गेला.

काका चेंडूकडे बघतच नव्हते. ते बघत होते शेजारी. टप्पा पडायच्या आधीच भिंगरीचा पाय डावीकडे पडला होता.

"डावीकडेच उडणार होता," ती हळूच म्हणाली, कुणालाच नाही.

ज्या कोपऱ्याची त्यांनी जन्मभर लाज बाळगली, त्यानेच पोरीला खेळ शिकवला होता. आणि तिथून उचलून तिला सपाट जागी नेऊन बसवलं ते त्यांनीच, तळहात दाबून बघून. शिट्टी वाजली. शाळा हरली.

मैदान रिकामं झाल्यावर काका खोलीत फक्कीचं डबडं ठेवत होते. भिंगरी आली आणि तिने बूट फळीवर ठेवले.

"जिच्या पायाला बसतील तिला दे," ती म्हणाली.

"अगं, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी शाळा कुठे आहे, बाबा?"

काकांनी बूट हातात घेतले. सवयीने उलटे केले आणि तळ बघितले.

"कुणीही घेईल," भिंगरी म्हणाली. "नव्यासारखेच आहेत."