निळीच्या धोतराची पिवळी कॅसेट

माझ्या साखरपुड्याला विट्याहून व्हिडिओवाला आला होता. नव्वदीची सुरुवात, कॅमेऱ्याचं भारी अप्रूप. मला मात्र त्या माणसाचा पहिल्यापासून संशय. आल्या आल्या म्हणाला, "कायतरी पांढरं धरा कॅमेऱ्यापुढं. त्याला पांढरं कळलं की बाकीचं रंग बरोबर येत्यात." एवढ्या महागाच्या यंत्राला पांढरं कळत नाही? मंडपात सगळ्यांत पांढरं माझ्या चुलत्यांचं धोतर. सोगा पसरून तेच कॅमेऱ्यापुढं उभे राहिले.

आठवड्याभरात उंब्रजची पाहुणेमंडळी जीपमधून आली. नवरा मुलगा, त्याची आई, सोबत कॅसेट आणि व्हीसीआर. पाणी कुठंतरी मुरतंय हे मी तिथंच ओळखलं. व्हीसीआर कोणी उगाच वाहून आणत नाही. कॅसेट लागली, पण सासू होणारी बाई टीव्हीकडं बघेना. माझी नखं बघत होती. शेवटी वडलांना म्हणाली, "पाव्हणं, राग मानू नका. पोरीला कावीळ हाय, आन् तुमी बोलला न्हाईसा."

कॅसेटमध्ये मी खरंच पिवळीजर्द होते.

भाऊ मोटरसायकलवरून व्हिडिओवाल्याला घेऊन आला. त्यानं कपाळावर हात मारला. "आवं, धोतरात नीळ लय हुती. कॅमेऱ्यानं निळ्यालाच पांढरं धरलं, मग बाकी समदं पिवळं झालं." आमच्याकडं सणासुदीचं धोतर निळीत बुचकळूनच काढायचं; त्यालाच आम्ही पांढरंशुभ्र म्हणतो. यंत्रानं आमचं ऐकलं, एवढंच.

"ह्येला शिकवून आणलाय," ती बाई म्हणाली. "कॅमेरा खोटं दावतोय व्हय?"

सोयरीक मोडली तर गावभर माझ्या नावाला कावीळच चिकटणार, म्हणून वडील नरमले. उद्या कराडला नेऊन रक्त तपासतो म्हणाले. आणि बोलता बोलता तेही माझ्या डोळ्यांत डोकावले. ते मला जास्त लागलं. परक्यांचं सोडा, जन्मदात्याला शंका यावी?

टीव्हीवर तेव्हा नवरा मुलगा पेढा खात होता, हळदीत लोळल्यासारखा. मी म्हणाले, "आवं आत्या, तुमचा ल्योक बघा की. त्योबी पिवळाच. उद्या दोघंबी जाऊ रगात द्यायला."

"माझ्या पोराला काय धाड भरलीय?" बाई कडाडली. "बाप्याची कुटं तपासणी असती व्हय?"

तो समोरच खुर्चीत बसला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. हो म्हणाला असता तर मी त्याच्याबरोबर कराडलाच काय, कुठंही गेले असते. त्यानं मान खाली घातली. मी अंगठी काढून व्हीसीआरवर ठेवली.