हेमचंद्ररावांचं टीव्ही लायसन्स

हेमचंद्रराव गोगट्यांना आयुष्यात पैशाचा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांचे सगळे प्रश्न तत्त्वाचे. सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागात एका कंपनीत गलेलठ्ठ पगार, पण हॉटेलात बिल टेबलावर आलं की यांचं तत्त्व खडबडून जागं व्हायचं. उर्मिलाताईंनी लग्नानंतर काही वर्षं याला बाणेदारपणा मानलं. पुढे कंजूसपणा हा शब्द त्यांना सुचला, आणि तो त्यांनी मनातच ठेवला.

क्वीन्सटाउनमधला त्यांचा फ्लॅट भाड्याचा. त्यातला टीव्हीही मालकिणीचा, मागे ढेरी सुटलेला जुना डबा. ही दोन हजार दहाची गोष्ट, तेव्हा सिंगापुरात टीव्हीला अजून लायसन्स लागायचं. मालकीण मिसेस लिम यांचं म्हणणं, बघेल तो भरेल. हेमचंद्ररावांचं म्हणणं, ज्याचा टीव्ही त्यानं भरावं. त्यांनी लायसन्सच्या ऑफिसात फोन करून विचारलंसुद्धा, आणि तिथूनही मालकिणीसारखंच उत्तर आलं. फोन स्पीकरवर होता. उर्मिलाताई भेंडी चिरता चिरता सगळं ऐकत होत्या. तरी साहेबांनी मिसेस लिमना दोन पानी ईमेल ठोकलाच. तिचं उत्तर सिंगापुरी इंग्रजीत, एका ओळीचं, "यू वॉच, यू पे लाह."

"मग परत देऊन टाकू या ना तिचा टीव्ही," उर्मिलाताई म्हणाल्या.

"आणि मॅच कुठे बघू?"

म्हणजे टीव्ही परत द्यायचा नाही आणि पैसेही भरायचे नाहीत. संध्याकाळी बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज इतका बारीक, की चौकार गेला की षटकार हे फक्त चित्र बघून ओळखायचं. असला हा तत्त्वनिष्ठ पुरुष!

मग पत्र आलं: शनिवारी सकाळी तपासनीस येईल. शनिवारी उर्मिलाताई भाजी घेऊन परतल्या आणि दारातच थबकल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा त्यांचा पितळी गणपती टीव्हीच्या डोक्यावर बसला होता. टीव्ही जरीकाठी उपरण्यात जमिनीपर्यंत गुंडाळलेला, वर झेंडूची फुलं, बाजूला निरांजन.

"अहो, हे काय?"

"देवघर. देवघराला कोण हात लावतंय?"

"देवाला राखणीला बसवलंत?"

"अगं, प्रश्न तत्त्वाचा आहे."

उर्मिलाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचा चिकटपणा त्यांनी इतकी वर्षं गिळला होता. पण हा गणपती आईनं निघताना हातात दिलेला. परक्या देशात त्यांना मन मोकळं करायला तेवढी एकच जागा होती. ती आज बाटली, तर उद्या हात जोडून उभं कुठे राहायचं? त्या मूर्ती उचलायला पुढे झाल्या, तोच बेल वाजली.

तपासनीस निघाला तमिळ, शण्मुगम नावाचा, पिकल्या मिशांचा. बूट बाहेर काढून आत आला, आणि गणपती दिसताच त्यानं हातातला कागद बाजूला ठेवला. हातांची अढी घालून दोन्ही कान धरले आणि गुडघे कुरकुरत असतानाही मनापासून उठाबशा काढल्या. गुंडाळलेल्या टीव्हीपुढे! उर्मिलाताईंना भुईनं पोटात घ्यावं असं झालं. हेमचंद्रराव मात्र खूश. बेत फत्ते झाला होता ना!

"सर, घरात टीव्ही आहे?"

"नो टीव्ही," हेमचंद्रराव म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

"ओके, कॅन. पिल्लैयारसमोर, गणपतीसमोर तुम्ही सांगता, मग मी आणखी काय बघणार?" शण्मुगमनं कागद उचलला.

"थांबा," उर्मिलाताई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी गणपती उचलून छातीशी धरला. त्याच्याखालचं उपरणं घसरलं आणि मिसेस लिमचा टीव्ही आख्खा उघडा पडला.

शण्मुगम टीव्हीकडे बघत राहिला. मग तो उर्मिलाताईंना नमस्कार करून हलकेच म्हणाला, "भरून टाका, सर." हेमचंद्रराव मालकिणीच्या जबाबदारीवर बोलू लागले, तोवर तो बुटांच्या नाड्या बांधत होता.

त्याच दिवशी दंडासकट पैसे भरले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्रराव आंघोळ करून, सोवळं नेसून, नेहमीप्रमाणे पूजेला आले. फळीसमोर उर्मिलाताई आधीच उभ्या होत्या. गणपतीला गंध लावून झालं होतं.

"अगं, पूजा मी करतो ना रोज."

"आजपासून मी करणार," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तुम्ही टीव्ही बघा."